भाऊंचं विलायती तीर्थ

भाऊंच्या मते जगात गावं दोनच प्रकारची: पाणी असलेली आणि पाणी नसलेली. पाणी नसलेल्या गावी माणसानं जाऊ नये. फार तर लग्नाला जावं आणि जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत यावं. पाणी असलेलं गाव मात्र तीर्थच, मग ते जगाच्या पाठीवर कुठंही असो. तिथं देव कोणता, हा तपशिलाचा प्रश्न. तो तिथं गेल्यावर शोधता येतो.

त्यांच्या यात्रा कंपनीत मी बरीच वर्षं काढली. कंपनी म्हणजे पंचवटीतल्या एका बोळातला गाळा, दोन टेबलं, एक कुरकुरणारा संगणक आणि भिंतीवर भारताचा नकाशा. नकाशावरच्या नद्या भाऊंनी निळ्या शाईनं जाड करून घेतल्या होत्या, रस्ते होते तसेच पुसट ठेवले होते. ड्रायव्हर वैतागून विचारायचा, "भाऊ, गाडी नदीतून न्यायची का?" भाऊ म्हणायचे, "नदीच्या कडेकडेनं ने. नदी रस्ता चुकत नाही." नदी चुकली नाही, पण आमची बस एकदा नर्मदेच्या कडेकडेनं जात थेट उसाच्या फडात जाऊन उभी राहिली. भाऊ शांतपणे उतरले, शेतकऱ्याला हाताशी धरलं, सगळ्या बसला ताजा रस पाजला आणि जाहीर केलं की हा मुक्कामही यात्रेतलाच आहे. त्या बसमधल्या निम्म्या लोकांना ते अजून खरं वाटतं.

अंगकाठी उंच आणि वाळकुडी, अंगात बारा महिने लोकरीचं जाकीट. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली घामानं निथळत असायचो आणि हे गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेले. विचारलं तर म्हणत, "बद्रीनाथचा फोन कधी येईल सांगता येत नाही." गळ्यात दोरीनं अडकवलेला शंख. दुसऱ्या कंपन्यांचे लोक यात्रेकरू गोळा करायला झेंडा धरतात, शिट्टी मारतात. भाऊ शंख फुंकायचे. आणि जाकिटाच्या आतल्या खिशात तांब्याचा बारका गडू, त्यात गंगेचं पाणी. गंगा म्हणजे गोदावरी. पंचवटीत दुसरी कुठली गंगा मोजत नाहीत. नव्या पाण्याच्या काठी पोचलं की आधी गडूतले चार थेंब त्यात सोडायचे, मग आंघोळ. "आधी ओळख करून द्यावी," असं त्यांचं म्हणणं. "परक्याच्या पाण्यात एकदम पाय घालू नये."

अडचण कुठलीही असो, त्यांचं एक वाक्य तयार असायचं: "शास्त्रात सोय आहे." दरड कोसळून देवळाचा रस्ता बंद झाला? कळसाच्या दिशेनं हात जोडा, दर्शन पोचलं, शास्त्रात सोय आहे. आंघोळीला गरम पाणी नाही? तीनदा गंगेचं नाव घ्या आणि टॉवेलानं अंग पुसा, शास्त्रात सोय आहे. कुठल्या शास्त्रात, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी रजा मागितली की तेवढी शास्त्रात सोय नसायची.

अशा माणसानं एके दिवशी ऑफिसात येऊन सांगितलं की आपण इंग्लंडला यात्रा नेतोय. पण ती का नेली, हे कळायला आधी आक्का माहीत हव्यात.

आक्का आणि आबा हे वणीकडचं जोडपं. घरची द्राक्षबाग. द्राक्षं एकदा व्यापाऱ्याच्या गाडीत चढली की दोघं आमच्या कुठल्या तरी यात्रेला यायची. आबा खिडकीशी बसायचे, बोलायचे कमी आणि खायचे भरपूर. बोलायचं काम आक्कांकडे होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुमी. नाशकात नर्सिंग शिकली, तिकडे इंग्लंडमध्ये समुद्राकाठच्या एका गावात दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका गोऱ्या मुलाशी तिनं लग्न केलं. घरात वादळ झालं. दीर, पुतणे, सगळे गरजले, पुन्हा या उंबऱ्यात यायचं नाही म्हणून निरोप गेला. आबा एकटे गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या सोयीचा लावला.

मग आबा गेले. अचानकच, बागेत. सुमीला कळवायचं नाही असं दिरांनी ठरवलं. ती नवऱ्याला घेऊन आली तर चार लोकांत शोभा होईल म्हणे. आक्का काही बोलल्या नाहीत. सुमीला ते कळलं तेव्हा तेरावासुद्धा उरकला होता. तिनं एकदाच फोन केला, "आई, तू मला बापाचं तोंड बघू दिलं नाहीस," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही.

आबांच्या दहाव्याला भाऊ रामकुंडावर गेले होते. तिथून ते ऑफिसात आले ते खुर्चीत बसलेच नाहीत, नुसते उभे राहिले.

"पोरी," मला म्हणाले, "आज एक माणूस उपाशी गेला."

पिंड मांडले, शेजारी आबांच्या आवडीची बटाट्याची भजी ठेवली, पण कावळा शिवेना. माणसाचं मन कशात अडकलं असेल तर कावळा घास घेत नाही. मग घरचे हात जोडून शब्द देतात, की बाबा, तुझं अमुक आम्ही करू, तमुक सांभाळू. दिरांनी बागेचा शब्द दिला. पुतण्यांनी विहिरीचा दिला, बैलांचा दिला, ट्रॅक्टरचासुद्धा दिला. कावळा भिंतीवर बसून सगळं ऐकत होता आणि मान वाकडी करून दुसरीकडे बघत होता. सुमीचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. शेवटी ऊन चढलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि विधी संपवला.

मी म्हटलं, "भाऊ, म्हणजे शास्त्रात सोय आहेच की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट संगणकाकडे वळले. त्या माणसाला अर्धी राहिलेली यात्रा खपत नसे. दर्शन घडवल्याशिवाय आपण माणूस परत आणत नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि इथं तर त्यांचा खिडकीशी बसणारा जुना माणूस दर्शनावाचून पुढच्या प्रवासाला लागला होता.

आक्कांना त्यांनी सरळ विचारलं, "आक्का, पोरीकडे जाता का?" आक्का म्हणाल्या, "एकली मी पेठ रोडला जात नाय, तुमी विलायतेचं काय सांगता. आन तिनं दार लावून घेतलं मंग?" भाऊ म्हणाले, "एकट्या कशाला? यात्राच नेतो. दार लावलं तर दाराचं दर्शन. कळस दिसला तरी यात्रा पोचते."

अशा रीतीनं एका बाईला तिच्या लेकीच्या दारापर्यंत न्यायला भाऊंनी बसभर माणसं इंग्लंडला नेली. गावाचं नाव इंग्रजीत सरळ लिहिलेलं होतं, पण भाऊंच्या जिभेला ते मानवेना. त्यांनी त्याचं 'समुद्रतीर्थ' करून टाकलं. आमचे यात्रेकरू आजही विचारलं तर समुद्रतीर्थला जाऊन आलो असंच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते गुजरातेत वाटतं.

तारखा त्यांनी पितृपक्षातल्या काढल्या. मी डोक्याला हात लावला. पितृपक्षात आपल्याकडे कुणी नवा रुमाल विकत घेत नाही, विमानात कोण बसणार? भाऊ म्हणाले, "समुद्रापलीकडे पंचांग वेगळं. शास्त्रात सोय आहे." लोकांनी मानलं. लंडन दाखवणार का, असं बँकेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी विचारलं. या आजोबांना प्रत्येक गोष्टीचा खुलासा लागायचा. भाऊंनी त्यांना खुलासा दिला: "लंडनला नदीच आहे, ती जाता-येता बसमधून दिसेल. आपण काही नदीसाठी नाशिकहून निघालेलो नाही."

निघण्याआधी मी एक उद्योग केला. सुमीच्या एका मैत्रिणीकडून तिचा नंबर आणि पत्ता मिळवला आणि मेसेज टाकला, की तुझी आई आमच्याबरोबर तुझ्या गावी येतेय, या या दिवसांत. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. हे मी भाऊंना सांगितलं, आक्कांना सांगितलं नाही.

गाव देखणं होतं. समुद्राला समांतर लांबच लांब फिरायचा रस्ता, कडेला रंगवलेल्या खुर्च्या आणि फुलांचे वाफे, आणि समुद्रात पार आतपर्यंत गेलेला खांबांवरचा लाकडी पूल. त्या पुलावर दुकानं, पाळणे, आणि टोकाला नुसतं वारं. भाऊंनी पुलावर शंख फुंकला. लगेच आमच्या माणसांबरोबर तिथली पाच-पंचवीस पोरंही येऊन उभी राहिली. भाऊंनी त्यांनाही मोजून घेतलं आणि स्थळमाहात्म्य सुरू केलं: हा घाट इथल्या एका राणीनं नवस फेडायला बांधला, समुद्राच्या पोटात शिरून अर्घ्य देता यावं म्हणून.

बँकवाले आजोबा कठड्यावरची पाटी वाचून आले. "अहो भाऊ, इथं लिहिलंय की लोकांना हवा खायला बांधला."

"पाटी लिहिणाऱ्याला काय माहीत?" भाऊ म्हणाले आणि पुढं निघाले. ती गोरी पोरंही त्यांच्या मागोमाग निघाली, ती त्यांच्या आयांनी ओढून परत नेली.

वाळूत गाढवं होती. लहान मुलांना पाठीवर बसवून चार पावलं फिरवून आणायची, अशी तिथली जुनी गंमत आहे. गळ्यात घुंगरं, कपाळपट्टीवर प्रत्येकाचं नाव. आमची मंडळी नाकं मुरडून उभी राहिली. गाढव बघायला एवढ्या लांब यायची गरज काय होती, अशी कुजबुज सुरू झाली, तेवढ्यात भाऊंनी हात जोडले. "शीतलादेवीचं वाहन! आणि तेही ओळीनं उभं." झालं. बायकांनी चपला काढल्या. कुणी पर्समधून कुंकू काढलं. गाढववाला गृहस्थ म्हातारा होता, मवाळ होता, पण आपल्या गाढवांना कुंकू लागताना बघून तो टोपी काढून उभाच राहिला. जाताना त्यानं आक्कांना एका गाढवाचा लगाम धरू दिला. आक्का गाढवाच्या कानाशी काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, पण त्यात सुमीचं नाव होतं.

संध्याकाळी एका मोठ्या जुन्या दिवाणखान्यात तिथली म्हातारी जोडपी एकमेकांच्या कंबरेत हात घालून नाचत होती. बाजाची पेटी आपोआप वाजल्यासारखी वाजत होती आणि सत्तरीची माणसं डोळे मिटून गोल गोल फिरत होती. आमच्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून बघत राहिल्या. "म्हातारपनी बरी हौस हाय," आक्का म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "ह्यांनी असा हात कदी धरला नाय. गर्दीत हरवू नये म्हनून धरायचे, काशीला." मग आमच्यातल्या दोघींना राहवलं नाही आणि त्यांनी कोपऱ्यात फुगडी घातली. त्या लोकांनी नाच थांबवून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फुगडीला एक गोऱ्या आजीबाई स्वतःहून आल्या, आणि भाऊंनी त्यांना सांभाळून धरायला दोन माणसं नेमली.

रोज फिरून परत येताना भाऊ सगळ्यांना एका साध्या गल्लीच्या तोंडाशी आणायचे. दोन्ही बाजूंना चिकटून चिकटून एकसारखी लाल विटांची घरं, बघण्यासारखं काही नाही. पहिल्या दिवशी ते हळूच म्हणाले, "आक्का, हिरव्या दाराचं." आक्कांनी एकदाच पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बघितलं. चला." दुसऱ्या दिवशी त्या दिव्याच्या खांबापर्यंत गेल्या. तिथंच त्यांचे पाय थांबले, चेहरा उतरला. "नगं भाऊ. मी काय तोंडानं जाऊ? तिला बापाचा मुडदा दाखवला नाय मी." भाऊंनी माणसं वळवली.

बँकवाले आजोबा मात्र तापले. "या गल्लीत आहे काय? रोज रोज इथंच का?"

"प्रदक्षिणा," भाऊ म्हणाले.

आणि मग सर्वपित्री अमावास्या उजाडली. त्या दिवशी पहाटे समुद्रस्नान ठेवलं होतं. सगळ्या यात्रेचं ते मुख्य काम. आमच्या हॉटेलच्या खिडक्या मागच्या अंगणात उघडत होत्या, त्यामुळे कुणी बाहेर पाहिलेलं नव्हतं. कुडकुडत, खांद्यावर टॉवेल, हातात तांबे, कोरडी लुगडी-धोतरं पिशवीत, अशी आमची दिंडी पायऱ्या उतरून खाली आली. आणि समुद्र नव्हता.

नव्हता म्हणजे नव्हताच. नजर पोचेपर्यंत ओली वाळू, चिखल, मध्ये मध्ये डबकी. लाकडी पूल उघड्या खांबांवर उंच उभा. आदल्या दुपारी जिथं लाटा आपटत होत्या तिथं एक कुत्रं निवांत हिंडत होतं.

"भाऊ," आजोबांनी विचारलं, "समुद्र कुठाय?"

"काल दुपारी इथंच होता," भाऊ म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला मी ऐकला नव्हता.

"आटला काय ओ?" मागून एका बाईनं विचारलं.

कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की अमावास्येची ओहोटी आहे. पण आम्ही पडलो गंगेकाठचे. आमची गंगा पुरात पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढते, उन्हाळ्यात रोडावते, सगळे चाळे करते. पण सकाळी तांब्या घेऊन जावं आणि ती जागेवर नसावी, असं तिनं आमच्या वाडवडिलांना कधी केलं नाही. भाऊंनी एवढी तीर्थं केली ती सगळी नद्यांची. रामेश्वराला समुद्र होता, पण तोही बिचारा भाविकांची वाट बघत काठाशी थांबला होता.

भाऊंनी शंख फुंकला. समुद्र आला नाही. पुन्हा फुंकला. मग म्हणाले, "तो येत नाही तर आपण जाऊ," आणि चपला हातात घेऊन चालू लागले. मागोमाग सगळे. समुद्र लांबवर एका पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता आणि आम्ही चालू तसा तेवढाच लांब राहत होता. वाळूचा चिखल झाला, चिखलात पाय रुतायला लागले, आजोबांची एक चप्पल हातातून सुटली ती कायमचीच गेली. एवढ्यात मागून एक जीप भरधाव आली आणि नारिंगी जाकीट घातलेली एक मुलगी उडी मारून उतरली. ती किनाऱ्यावरची राखणदार होती. तिनं हात जोडून सांगितलं की कृपा करून मागं फिरा, पाणी फिरलं की माणसाच्या चालीपेक्षा जोरात येतं, दरवर्षी कुणी ना कुणी यात अडकतं. दुपारी बारापर्यंत समुद्र आपोआप पायऱ्यांशी येईल. हे सगळं मी मराठीत सांगितलं.

भाऊंचा चेहरा उजळला. "बाराला येतो म्हणते? अभिजित मुहूर्त! बघा, त्यालाच कळतं. शास्त्रात सोय आहे."

त्या मुलीनं थकलेल्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये घातलं. उरलेले आम्ही मागं चालत आलो.

दुपारी समुद्र खरंच पायऱ्यांवर येऊन बसला होता. भाऊंनी गडूतलं पाणी त्यात सोडून गंगेची ओळख करून दिली, पाण्याला आधी थोडं बोललेही. मंडळींनी पायऱ्यांवर बसून तांब्यांनी डोक्यावर पाणी घेतलं, दात वाजवत पितरांची नावं घेतली. आक्का तेवढ्या उतरल्या नाहीत. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेले बटाटे आणायला सांगितले. तिथं सगळे खातात ते जाड जाड काप. मी कागदाचं पुडकं आणून दिलं. आम्ही दोघी कठड्याजवळच्या बाकावर बसलो.

"त्या दिवशी भजी ठेवली हुती," आक्का म्हणाल्या. "ह्यांना बटाटा लय आवडायचा. कावळा आला, बसला, आन माझ्याकडंच बघत व्हता. दीर काय काय म्हनले. मला ठावं व्हतं काय म्हनायचं ते. चार लोकांत जीभ उचलली नाय माझी."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आक्कांनी कागद कठड्यावर उलगडला. त्यावर बटाट्याचे काप नीट मांडले. दोन पावलं मागं सरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "अवो, मी सुमीच्या दारात जाते. तिनं शिव्या दिल्या तरी ऐकते. तिला आन जावयाला घरी घेऊन येते, कोन आडवं येतं बघते. तुमची लेक हाय ती. आता तरी घ्या."

एक भला मोठा सीगल सपकन खाली आला आणि सगळ्यात जाड काप उचलून गेला. पाठोपाठ दुसरा. तिसऱ्यानं कागदच नेला.

आता मला सांगायलाच हवं की त्या गावात हा पक्षी कुणाच्याही हातातलं काहीही नेतो. पंधरा पावलांवर त्याचं चित्र काढून 'सावध राहा' अशी पाटी लावलेली होती. त्याच सकाळी त्यानं आजोबांच्या हातातली दशमी, चटणीसकट, नेली होती. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. आक्का तोंडावर पदर धरून रडत होत्या, हसत होत्या, आभाळाकडे बघत होत्या.

पायऱ्यांवरून बँकवाले आजोबा ओले होऊन वर आले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "अहो, पण हा तर तोच पक्षी, सकाळी माझी—"

भाऊंनी शंख तोंडाला लावला आणि आजोबांच्या थेट कानाशी असा फुंकला, की त्यांचं पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही.

"चला भाऊ," आक्का म्हणाल्या. "पोरीकडं."

ओल्या कपड्यांनिशी, तांब्यांनिशी, एका पायात चप्पल असलेल्या आजोबांनिशी आम्ही सगळे त्या गल्लीत शिरलो. दिव्याच्या खांबाशी आक्का थांबल्या नाहीत. हिरव्या दाराशी जाऊन त्यांनी घंटी शोधायला हात उचलला, तोच दार आतून उघडलं. दवाखान्याचा निळा गणवेश, रात्रपाळीनं सुजलेले डोळे. तीन दिवस शंख फुंकत जाणारी ही मंडळी ती खिडकीतून बघत असणार. दार तिनं अर्धंच उघडलं होतं आणि हात कडीवरच होता.

भाऊंनी एका क्षणात सगळ्यांना पाठमोरं केलं. समोर रस्त्याच्या कडेला लाल रंगाची टपालपेटी होती. "ही बघा," ते मोठ्यानं सांगू लागले, "इथली टपालपेटी. हिचा रंग बघा, हिचं तोंड बघा." त्या टपालपेटीचं माहात्म्य त्यांनी इतकं लांबवलं की पुराणात मावणार नाही. सगळे आज्ञाधारकपणे पेटीकडे बघत होते. मी एकटीनं वळून बघितलं.

मायलेकी एकमेकींकडे नुसत्या बघत होत्या. आक्कांनी माफी मागितली नाही, पोरीला जवळ ओढलं नाही.

"तुझा बाप जेवला," त्या म्हणाल्या.

सुमी वणीची पोर. तिला काही समजावून सांगायला लागलं नाही. तिचा कडीवरचा हात खाली आला.

"कधी?"

"आत्ता. तिकडं समुद्रावर. तुझं नाव घेतलं आन लगेच घास उचलला."

"कावळा आला?"

"आला की," आक्का म्हणाल्या. मग जरा घोटाळल्या. "पांढरा व्हता. मोठा. इथं पांढरेच असतेत ना गं?"

सुमी त्या गावात कितीतरी वर्षं राहत होती. तो पक्षी कोणता, तो काय खातो आणि कुणाकुणाच्या हातातून खातो, हे तिला आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. ती आईच्या डोळे पुसून ओल्या झालेल्या पदराकडे, सकाळच्या चिखलानं अजून भरलेल्या पायांकडे बघत राहिली.

"हो आई," ती म्हणाली, "इथं पांढरेच असतात." आणि तिनं दार पूर्ण उघडलं.